पिसे झडली म्हणून कोंबडी विकू नका

बडोदे शहराच्या पश्चिम भागात, गोरवा आणि इलोरा पार्क यांच्या सान्निध्यात, सुभानपुरा ही वस्ती आहे. तेथील जुन्या बैठ्या घरांना स्थानिक लोक ‘टेनामेंट’ म्हणतात. पुढे मोटारसायकल उभी राहील एवढे अंगण आणि मागे धुण्याचा दगड, तुळस, एखादे शेवग्याचे झाड मावेल एवढे परस, अशी या घरांची साधारण रचना असते. अशाच एका घरात प्रस्तुत लेखकाच्या मावशींचे वास्तव्य आहे. त्यांच्या परसात सात कोंबड्या होत्या. रोजची चार-पाच अंडी घरात वापरून उरलेली त्या ओळखीच्या दोन-तीन घरी देत, आणि त्यातून येणारा पैसा एका निराळ्या डब्यात पडत असे. त्या डब्याचा हिशेब त्यांनी कधी कोणास दिला नाही, आणि कोणी मागितलाही नाही.

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास सातांपैकी दोन कोंबड्यांची पिसे झडू लागली. प्रथम मानेवरची, मग छातीवरची आणि पाहता पाहता शेपटीचीही. अंडी बंद झाली. तुरे फिके पडून आक्रसले. परसात सकाळी झाडू मारावा तो दुपारी पुन्हा पिसांचा सडा पडलेला दिसे. दारावर येणाऱ्या एका फेरीवाल्याने ‘मरघी बिमार आहे, बाकीच्यांना लागण होईल’ असे भय घातले आणि दोन्ही कोंबड्या मातीमोल भावाने उचलून नेल्या. पंधरवड्याच्या आत उरलेल्या पाचही कोंबड्यांची तीच गत झाली. तेव्हा मात्र मावशींनी दूरध्वनी केला. ‘अरे, तू त्या जनावरांच्या खात्यात आहेस ना? मग सांग, या पाच ठेवू की याही देऊन टाकू?’

प्रस्तुत लेखक हा प्रसिद्धी अधिकारी आहे, पशुवैद्यक नव्हे. त्याची पदवीही कलाशाखेची. त्यामुळे उत्तर देण्यापूर्वी खात्यातील जाणकारांना गाठून विचारणे भाग पडले. त्यांच्याकडून जे समजले त्याचा मथितार्थ एवढाच की, मावशींच्या कोंबड्यांना काहीही झालेले नव्हते. विकलेल्या दोघीही निरोगी होत्या. इतकेच नव्हे, तर त्या दोघी बहुधा कळपातील वाईट कोंबड्याही नव्हत्या. दरवर्षी पावसाळा सरताना असंख्य परसांमधून अशा कोंबड्या कवडीमोलाने जातात, म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडीत आहे.

पिसे का झडतात?

पीस ही कोंबडीची कातडी नव्हे, वस्त्र होय. आणि कोणतेही वस्त्र वर्षभराच्या वापराने विरते. ऊन, पाऊस, धूळ, खुराड्याच्या फळ्यांचे घर्षण यांमुळे पिसांची टोके तुटतात आणि त्यांची ऊब धरण्याची शक्ती कमी होते. हिवाळ्यापूर्वी जुने वस्त्र टाकून नवे धारण करावयाचे, अशी निसर्गाची योजना आहे. तिलाच आपण पीसझड म्हणू. पिल्लू वाढत असताना त्याची पिसे एकाहून अधिक वेळा बदलतात, पण तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. तलंग अंड्यावर आल्यानंतर साधारणपणे वयाच्या सोळाव्या ते अठराव्या महिन्यात पहिली मोठी पीसझड होते आणि पुढे बहुधा वर्षातून एकदा ती होत राहते.

या बदलाची वेळ कोंबडीला कोण सांगते? मुख्यतः दिवसाची लांबी. बडोद्याच्या अक्षांशावर जूनच्या उत्तरार्धात दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो. सप्टेंबरच्या अखेरीस तो बारा तासांवर येतो आणि डिसेंबरात पावणेअकरा तासांपर्यंत आखडतो. ढगाळ आषाढ-श्रावणात आपल्याला हा फरक जाणवत नाही. कोंबडीच्या मेंदूला मात्र प्रकाशाची ही घट अचूक समजते. तिच्या शरीरातील अंडी देण्यास प्रवृत्त करणारे स्राव मंदावतात, अंडाशय लहान होते, अंडनलिका आक्रसते आणि अंड्यांकडे जाणारे पोषण पिसांकडे वळते. पाणी कमी पडणे, खाद्य एकाएकी बदलणे, कडक उन्हाळा, घर बदलणे किंवा कुत्र्याने घेतलेला पाठलाग यांमुळेही अवेळी पिसे झडू शकतात, आणि खुडूक बसून पिल्ले काढून उठलेल्या कोंबडीचीही काही वेळा झडतात. परंतु अश्विन-कार्तिकातील झड ही ऋतुमानाप्रमाणे होणारी गोष्ट होय.

पीस आणि अंडे ही दोन्ही कामे कोंबडी एकाच वेळी का करीत नाही, असा प्रश्न मावशींनी विचारला होता. याचे कारण प्रथिनांच्या हिशेबात आहे. पिसाचा पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ प्रथिनांचा असतो. सगळी पिसे नव्याने घडवावयाची म्हणजे तेवढे प्रथिन आहारातून मिळवून खर्ची घालावे लागते, आणि अंड्यासही प्रथिनच लागते. घरात एकाच वर्षी लग्न काढून वर माडीही बांधावयाची म्हटले तर जी ओढाताण होते तीच येथे होते. शहाणी कोंबडी एक काम थांबवून दुसरे उरकून घेते.

या विश्रांतीचा लाभ पुढे मिळतो. वर्षभर अंडी देऊन थकलेल्या कोंबडीच्या अंड्यांचे कवच पातळ व खरखरीत होऊ लागते. पीसझडीच्या काळात आक्रसलेली अंडनलिका पुन्हा कार्यरत होते तेव्हा तिचे आतील अस्तर ताजेतवाने झालेले असते. साहजिकच नव्या हंगामातील अंडी पहिल्या वर्षापेक्षा आकाराने मोठी आणि मजबूत कवचाची असतात. संख्या मात्र कमी होते. पहिल्या वर्षी शंभर अंडी देणारी कोंबडी दुसऱ्या वर्षी साधारण ऐंशी देईल, हे आधीच मान्य करून चालावे.

जी उशिरा झडते ती चांगली

आता त्या विकलेल्या दोन कोंबड्यांविषयी. पीसझडीवरून कोंबडीची पारख करण्याची एक जुनी रीत आहे व ती आजही पाठ्यपुस्तकांत शिकविली जाते. ज्या कोंबड्या आषाढातच पिसे टाकू लागतात आणि थेट दिवाळीनंतरपर्यंत रेंगाळत राहतात, त्या बहुधा कमी अंडी देणाऱ्या असतात. ज्या सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत अंडी देत राहतात आणि मग भराभर एकदम पिसे टाकून आठवड्याभरात ओंगळ दिसू लागतात, त्या उत्तम अंडी देणाऱ्या समजाव्यात. दिसावयास हे उलटेच आहे. हळूहळू झडणारी कोंबडी कधीच फारशी कुरूप दिसत नाही, म्हणून ती घरात टिकते. झपाट्याने झडणारी सोललेल्या फणसासारखी दिसते, म्हणून ती विकली जाते. अशा रीतीने दरवर्षी चांगली कोंबडी जाते आणि आळशी मागे राहते.

हे ताडून पाहावयाचे असल्यास रात्री, कोंबड्या खुराड्यात शांत बसल्यावर, एकीला हळुवारपणे उचलून तिचा पंख दिव्यासमोर पसरावा. पंखाच्या बाहेरील टोकाकडे बहुधा दहा मोठी उड्डाणपिसे असतात. त्यांच्या व आतील पिसांच्या मध्ये एक आखूड पीस असते; तेथून बाहेरच्या दिशेने उड्डाणपिसे क्रमाक्रमाने गळतात. एक पीस पूर्ण वाढण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. मंद गतीची कोंबडी एक पीस टाकल्यावर साधारण दोन आठवड्यांनी दुसरे टाकते. म्हणजे दहाव्या पिसाची वाढ पूर्ण होण्यास पहिल्यापासून चोवीस आठवडे, जवळजवळ सहा महिने जातात. चपळ कोंबडी दोन-दोन, तीन-तीन पिसे एकदम टाकते आणि अडीच-तीन महिन्यांत मोकळी होते. पंखात सारख्याच लांबीची दोन-तीन कोवळी पिसे शेजारी शेजारी दिसली की ती कोंबडी जपावी.

अंड्यावर असलेली कोंबडी ओळखण्यासाठी पार्श्वभागाच्या दोन टोकदार हाडांमध्ये किती बोटे बसतात हे पाहण्याचीही रीत आहे. दोन-तीन बोटे बसली तर ती अंडी देते असे समजतात. ही परीक्षा पीसझडीच्या दिवसांत मुळीच लावू नये. त्या काळात चांगल्या कोंबडीचीही हाडे जवळ आलेली असतात, आणि फेरीवाले नेमके हेच बोट लावून दाखवितात.

आजार की पीसझड?

भय निराधार असते असेही नाही. महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील लोकांना २००६ चा फेब्रुवारी महिना स्मरत असेल. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक त्या महिन्यात जाहीर झाला. सीमेपलीकडे गुजरातेतील उच्छल परिसरालाही त्याची झळ पोहोचली. व्यावसायिक पक्ष्यांबरोबर त्या पट्ट्यातील घरोघरच्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. २०२१ च्या आरंभी नवापुरात हा रोग पुन्हा आढळला. हा भाग बुसरा या देशी जातीचे माहेर आहे. तेथील आदिवासी कुटुंबांच्या परसातून एकाएकी सगळ्या कोंबड्या गेल्या म्हणजे काय होते, हे वेगळे सांगावयास नको. तेव्हा कोंबडीची अवस्था बिघडलेली दिसली की माणूस घाबरतो यात नवल नाही. प्रश्न एवढाच की, घाबरावे केव्हा?

पीसझडीतील कोंबडी ओंगळ दिसते, पण तिचा डोळा स्वच्छ व सावध असतो. ती खाते, पाणी पिते, माती उकरते. तिच्या उघड्या कातडीवर बारकाईने पाहिले तर काट्यांसारखे निळसर कोंब उगवलेले दिसतात. हीच नवी पिसे. झड बहुधा डोके व मानेकडून सुरू होऊन छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपटी अशी उतरते, आणि दोन्ही बाजूंस सारखी असते. तुरा फिका पडणे हेही या अवस्थेत स्वाभाविक आहे.

याउलट, कोंबडी मान आखडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली, खाणे सोडले, हिरवट पातळ हागवण लागली, श्वास घेताना घरघर झाली, मान मुरगळली किंवा पाय लुळे पडले, तर ती पीसझड नव्हे. ही मानमोडीची म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणे असू शकतात. तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खपल्या धरल्या तर देवीचा संशय घ्यावा. केवळ पाठीवर किंवा गुदद्वाराभोवती टक्कल पडले असून तेथे नवे कोंब दिसत नसतील तर उवा, गोचीड किंवा जोडीदारणींचे टोचणे हे कारण असते. यांपैकी काही आढळल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मेले तर मेलेल्या पक्ष्यास हात न लावता त्याच दिवशी दवाखान्यास वा ग्रामपंचायतीस कळवावे. असे कळविणे हे केवळ सौजन्य नाही. जनावरांमधील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये ते मालकाचे कर्तव्य आहे.

या दिवसांत खाऊ काय घालावे

परसातील कोंबडीने अंडी थांबविली की घरातील माणसे नकळत तिचा घासही आखडतात. ‘देत काही नाही, मग खाते कशाला?’ असा काहीसा भाव असतो. सगळ्या चुकांत ही चूक मोठी. अंडी बंद असतानाच तिला चांगल्या प्रथिनांची अधिक गरज असते. या काळात उपाशी ठेवलेल्या कोंबडीची पिसे निकस येतात, झड लांबते आणि अंडी सुरू होण्यास एकदोन महिने उशीर होतो. धान्यात वाचविलेला पैसा अशा रीतीने अंड्यांत जातो.

पूर्ण वाढ झालेली कोंबडी दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते. मोकळी फिरणारी असेल तर त्यातील बराच भाग ती स्वतः किडे, गवत, सांडलेले दाणे यांतून मिळविते. पण शहरातील परसात फरशी अधिक आणि माती कमी. म्हणून नुसत्या भाकरीच्या तुकड्यांवर, शिळ्या भातावर आणि बाजरीवर भागत नाही. धान्यातून शक्ती मिळते, पीस घडविण्याचा माल पुरेसा मिळत नाही. त्यासाठी सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची पेंड, भिजविलेल्या डाळींची चुरी, कुटलेली सुकट, शेवग्याची वा लसूणघासाची पाने यांची जोड द्यावी. शेंगदाण्याची पेंड घेताना मात्र नाकाला लावून पाहावी. पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि बुरशीचे विष कोंबडीच्या यकृतास घातक ठरते. कुबट वास येणारी पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. सुकट खारवलेली असेल तर धुऊन, वाळवून मगच द्यावी. अधिक मीठ कोंबडीस सोसत नाही. लोणच्याचा खार, पापडाचे तुकडे, फरसाण यांचा उरलासुरला चुरा तिच्यासमोर टाकण्याची सवय याच कारणाने सोडावी. बडोद्यास फरसाणाचा चुरा कोणत्या घरी उरत नाही?

गावाकडे वाळवीची एक युक्ती प्रचलित आहे. मडक्यात ओले शेण, गवत, पोत्याचे तुकडे भरून ते वारुळाजवळ पालथे घालून ठेवतात. एकदोन दिवसांत त्यात वाळवी भरते आणि ती कोंबड्यांपुढे झटकतात. ज्यांना जमेल त्यांनी हे अवश्य करावे. घराच्या भिंतींजवळ मात्र करू नये. वाळवी कोंबड्यांची वाट पाहत थांबत नाही.

चुन्याच्या बाबतीत उलटे धोरण असावे. अंडी देणाऱ्या कोंबडीला कवचासाठी पुष्कळ चुना लागतो. अंडी थांबल्यावर तेवढा लागत नाही. म्हणून शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या वाडग्यात ठेवावा. जिला हवा ती खाईल. अंड्यांची टरफले भाजून, बारीक कुटून दिली तरी चालतात. पाणी खाद्याच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येकी पाव लिटरच्या आसपास लागते आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्याहूनही जास्त. ते सावलीत ठेवावे व दिवसातून दोनदा बदलावे.

नव्या पिसांचे कोंब रक्ताने भरलेले आणि अतिशय हळवे असतात. ते दुखावले तर रक्त येते, आणि रक्त दिसले की इतर कोंबड्या तेथेच टोचू लागतात. त्यामुळे या काळात कोंबडीला विनाकारण उचलू नये, मुलांच्या हाती देऊ नये, कळपात नवी कोंबडी आणू नये. जंताचे औषध व लसीकरण ही कामे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पावसाळ्याच्या तोंडावरच उरकावीत; पिसे झडत असताना धरपकड नको. पीसझडीवर औषध म्हणून बाजारात मिळणारी प्रतिजैविके तर मुळीच देऊ नयेत. आजारच नाही तेथे औषध कशाचे?

खुराडे रात्रीसाठी प्रत्येक कोंबडीस दीड चौरस फूट या हिशेबाने पुरते, पण ते जमिनीपासून दोन फूट उंच असावे. अर्धवट उघड्या अंगाच्या कोंबडीला ओल आणि वारा दोन्ही बाधतात. मुंगूस आणि मांजर हे आणखी दोन हिशेब. ज्यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरलेले पाहिले, त्यांना उंचीविषयी आणखी सांगण्याची आवश्यकता नाही. एका कोपऱ्यात चुलीची वा शेकोटीची राख आणि कोरडी माती मिसळून ठेवावी. कोंबड्या तिच्यात लोळून उवा झाडून टाकतात. मावशींच्या घरी चूल नाही, त्यांनी इस्त्रीवाल्याकडून राख मागून आणली.

ठेवणे परवडते का?

शेवटी हिशेबाचा भाग. अडीच महिने अंड्यावाचून कोंबडी पोसावयाची म्हणजे, सगळे खाद्य विकत आणले असे धरूनही, सुमारे आठ किलो खाद्य लागेल. तिला विकून त्या जागी पिल्लू आणले तर ते पिल्लू अंड्यावर येईपर्यंत पाच-सहा महिने जातात. देशी असेल तर त्याहूनही जास्त. तेवढ्या काळात तेही सात-आठ किलो खाद्य खाते. शिवाय त्याच्या लसी, पहिल्या आठवड्यांतील ऊब, मांजर-घारीची भीती आणि ते नर निघण्याची शक्यता. खर्च जवळजवळ सारखा, आणि अंडी मात्र तीन महिने उशिरा. त्यात पीसझड संपवून कोंबडी पुन्हा अंड्यावर येते ती मार्गशीर्ष-पौषात, जेव्हा थंडीमुळे अंड्यांना मागणी असते व भावही बरा असतो. ज्या नवरात्रात तिने अंडी थांबविली, त्या दिवसांत पुष्कळ घरी अंडी तशीही वर्ज्य असतात.

मग लोक विकतात का? याचे एक कारण मोठ्या कुक्कुटशाळांच्या रिवाजात आहे असे वाटते. १९७१ मध्ये पुण्यास व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन झाली, १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंड्यांचा धंदा पिंजऱ्यातील कोंबड्यांच्या हिशेबाने चालू लागला. या देशाला स्वस्त अंडे मिळाले ते त्यामुळेच, हे मान्य केले पाहिजे. पण त्या हिशेबात कोंबडी साधारण पहिल्या पीसझडीच्या वयास पोहोचली, उत्पादन उतरले, की तो सगळा कळप काढून नवा आणतात. हजारो पक्ष्यांच्या शाळेस ते परवडते. तोच नियम पाच कोंबड्यांच्या परसास लावला तर घरच्या बाईचे नुकसान होते. काही कुक्कुटशाळांतून कळप न काढता खाद्य-पाणी तोडून सक्तीने पिसे झडविण्याची प्रथा होती. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०११ मध्ये, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचा आधार घेऊन, अशी उपासमार बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. घरगुती पशुपालकांनी कोणाच्या सांगण्यावरून असा ‘उपास’ घडवू नये.

प्रत्येक कोंबडी ठेवलीच पाहिजे, असा मात्र याचा अर्थ नाही. जी आषाढापासून झडते आहे आणि माघातही अंड्यावर आली नाही, जी तीन-चार वर्षांची होऊन थकली आहे, तिला काढण्यास हरकत नाही. तो निर्णय माघात घ्यावा, अश्विनात नव्हे.

नव्याने कोंबड्या घेणाऱ्यांनी जातीचा विचार करावा. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, मध्ये खुडूक बसते, पण काटक असते. गुजरातेत भरूच-नर्मदा भागातील अंकलेश्वर ही अशीच मान्यताप्राप्त जात आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराज व ग्रामप्रिया या जाती परसासाठीच आहेत. ग्रामप्रिया त्यांतील अधिक अंड्यांची. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे (खडकी), कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. बडोद्याच्या रहिवाशांना आणंद येथील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडते. शहरात कोंबड्या ठेवण्यापूर्वी महानगरपालिकेच्या नियमांची चौकशी करावी आणि कोंबडा ठेवू नये. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, आणि पहाटे साडेचारला शेजाऱ्यांना त्याची गरज त्याहूनही कमी असते.

मावशींनी उरलेल्या पाचही ठेवल्या. पिसांच्या सड्याविषयी कुरकुर करणाऱ्या शेजारणीला त्यांनी सांगितले की कोंबड्यांनी दिवाळीचे नवे कपडे शिवावयास टाकले आहेत. झडलेली पिसे त्या शेवग्याच्या बुंध्याशी खड्ड्यात पुरीत गेल्या. पिसांत नत्र भरपूर असते, फक्त ती कुजावयास वेळ लागतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्यांनी पहिले पीस गळल्याच्या तारखेस एक टिंब दिले होते. दुसरे टिंब डिसेंबराच्या तिसऱ्या आठवड्यात, पहिल्या अंड्याच्या दिवशी पडले. मधले दिवस मोजले तर चौऱ्याहत्तर भरतात. त्या पाचांतील एक कोंबडी मात्र अद्याप कामास लागलेली नाही. तिचा निकाल माघ संपल्यावर लागावयाचा आहे.